नागपुरात शिकले, परळमध्ये इतिहास घडवला : तीन तासांच्या हृदयामागचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन

३ डिसेंबर १९६७. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं आणि जगभर खळबळ उडाली. माणूस आता चंद्रावरच जायचा बाकी राहिला, असं लोकांना वाटायला लागलं.

यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ ला, तशीच शस्त्रक्रिया मुंबईत झाली. तीही एखाद्या पंचतारांकित हॉस्पिटलमध्ये नाही, तर परळच्या केईएममध्ये. महापालिकेचं हॉस्पिटल, जिथे गिरणी कामगार केसपेपर काढून रांगेत बसायचे. हे जगातलं सहावं मानवी हृदयरोपण होतं आणि आशियातलं पहिलं. ते करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे अशी शस्त्रक्रिया करणारे जगातले चौथे सर्जन ठरले.

नवीन हृदय धडधडलं. पण रुग्ण सुमारे तीनच तास जगला.

आज डॉ. सेन यांचं नाव निघालंच तर या तीन तासांसाठी निघतं. पण त्याआधी कित्येक वर्षं हा माणूस ज्या आजाराशी झुंजत होता, तो आजार आजही आपल्या गावागावात आहे. त्याची सुरुवात साध्या घसादुखीतून होते, तो हृदयाची झडप खातो आणि शेवटी पार पोटातल्या आतड्यांपर्यंत पोचतो. सेन यांची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर हा आजारही समजून घ्यावा लागतो.

नागपूर ते परळ

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ चा. कुटुंब बंगाली, पण शालेय शिक्षण झालं नागपुरात. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. मात्र डॉक्टरकीची पदवी घ्यायची तर विदर्भातल्या पोराला बाहेरच जावं लागायचं, कारण नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं थेट १९४७ साली.

सेन मुंबईला आले आणि परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाले. आपण ज्याला जीएस म्हणतो ते हेच. या कॉलेजची एक खासियत होती. त्यासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की इथले शिक्षक भारतीयच असतील. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागा इंग्रजांकडे असण्याचा तो काळ. अशा वेळी १९२६ साली जीएस आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल उभं राहिलं. आपली माणसंही हे करू शकतात, हे दाखवून देण्याची जिद्द या संस्थेच्या पायातच होती.

सेन इथेच शिकले, इथेच सर्जन झाले आणि त्यांचं पुढचं सगळं मोठं कामही इथेच झालं.

घशातून हृदयात

त्या काळात केईएमच्या वॉर्डात हृदयाचे जे रुग्ण यायचे, त्यात तरुण मुलं-मुली भरपूर असायच्या. आज हृदयरोग म्हटलं की पन्नाशीतला माणूस, कोलेस्टेरॉल आणि अँजिओप्लास्टी डोळ्यांसमोर येते. तेव्हाचं चित्र वेगळं होतं. पंधरा-वीस वर्षांची पोरं जिना चढताना धापा टाकायची. बाळंतपणाच्या तोंडावर आलेल्या बायकांना रात्री आडवं झोपता यायचं नाही.

या सगळ्याचं मूळ होतं ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजे संधिवाताचा ताप.

होतं असं की लहान मुलाला स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे घशाचा संसर्ग होतो. घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत बरंही वाटतं. घरचे विसरून जातात. पण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, गुडघे, घोटे, कोपरं आळीपाळीनं सुजतात. जिवाणूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज आता चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर तुटून पडलेली असते. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र जायबंदी होऊन बसतात. असा ताप पुन्हा पुन्हा आला तर त्या जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि दार नीट उघडेनासं होतं.

यात सगळ्यात जास्त मार खाते ती हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात सोडणारं हे दार. निरोगी माणसात ते उघडलं की ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. ही वाट दीड चौरस सेंटिमीटरवर आली की आजार गंभीर समजतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारणपणे वय वाढल्यावर दिसायचा. भारतात विशीच्या आतच झडप पूर्ण आवळलेली मुलं सापडायची. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच मुलांबद्दल लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं.

नवेगाव बांधचं तुडूम आणि हृदयाची झडप

आता एक झडप बिघडल्यानं सगळं शरीर कसं बिघडतं, हे समजायला विदर्भातच जाऊ.

गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांध आहे. डोंगरांच्या मधली जागा पाहून, पाळ घालून कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला हा प्रचंड तलाव. भंडारा-गोंदियात असे जुने मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं एक दार असतं, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाणी पाटानं खालच्या धानाच्या बांध्यांत जातं.

समजा हे तुडूम गाळानं चोंदलं. उघडलं तरी पाण्याची बारीकशी धार निघते. मग दोन गोष्टी होतात. खालच्या बांध्यांतलं धान सुकायला लागतं. आणि पाऊस चालूच असेल तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, फुगत फुगत मागे सरकतं आणि तलावाच्या काठची शेतं बुडवतं. म्हणजे दार एकच बिघडलं, पण खाली दुष्काळ आणि वर पूर.

मायट्रल झडप आवळली की शरीरात नेमकं हेच होतं. पुढे मेंदूला, मूत्रपिंडाला, हातापायांना रक्त कमी पडतं. माणूस लवकर थकतो. मागे रक्त तुंबतं. आधी ते हृदयाच्या वरच्या कप्प्यात साठतं, मग फुप्फुसांत. तिथे दाब वाढला की धाप लागते, आडवं पडलं की गुदमरतं. हा दाब सोसून सोसून हृदयाची उजवी बाजू थकते आणि मग रक्त आणखी मागे, म्हणजे सगळ्या शरीराच्या शिरांमध्ये तुंबायला लागतं. पाय सुजतात. यकृत सुजतं. पोटात पाणी साठतं.

यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडणं असा त्याचा अर्थ नाही. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला न जमणं, असा आहे. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास निम्म्यानं वाढतं. म्हणूनच तोपर्यंत धडधाकट वाटणारी तरुण बाई अचानक धापा टाकू लागते आणि झडपेचा आजार पहिल्यांदा तिथे उघडा पडतो.

पोट का बिघडतं?

सेन यांच्या पिढीच्या डॉक्टरांना एक गोष्ट रोज दिसायची. झडपेचा रुग्ण शेवटच्या टप्प्यात आला की त्याचं जेवण सुटायचं. दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. पोट फुगलेलं, पण दंड आणि मांड्या वाळत चाललेल्या. हृदयाचा रुग्ण असा उपाशी माणसासारखा का खंगतो, हे त्या काळी नीट उलगडत नव्हतं.

आज त्याचं बरंचसं उत्तर मिळालं आहे आणि ते आतड्यांत आहे.

आपण आराम करत असतो तेव्हा हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. आतड्यांतलं रक्त यकृतातून गाळून हृदयाकडे परत येतं. हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त तुंबलं की हा परतीचा रस्ता जाम होतो. आतड्यांच्या भिंती पाणी धरतात, जाड होतात. अन्न नीट शोषलं जात नाही. आणि एरवी घट्ट असलेली ही भिंत थोडी झिरपायला लागते.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते भिंतीच्या आत आहेत तोवर आपले पाहुणे. पण भिंत झिरपली की या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात शिरतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. शरीराला वाटतं जंतूंचा हल्ला झाला. मग शरीरभर सूज आणणारी रसायनं सुटतात, स्नायू झिजतात, भूक मरते आणि आधीच दमलेल्या हृदयावर आणखी भार येतो. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की अंगावर सूज असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तात हे एंडोटॉक्सिन जास्त असतं आणि लघवी वाढवणारी औषधं देऊन सूज उतरवली की तेही उतरतं. म्हणजे तुंबलेलं पाणी काढलं की भिंत पुन्हा थोडी सावरते.

दुसरा एक पदार्थ गेल्या काही वर्षांत गाजतोय. त्याचं लांबलचक नाव ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड, थोडक्यात टीएमएओ. अंडी आणि लाल मांसातल्या काही घटकांपासून आतड्यातले जिवाणू एक वायू बनवतात, यकृत त्याचं टीएमएओ करतं आणि मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१४ साली हार्ट फेल्युअरच्या ७२० रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत दगावण्याचं प्रमाणही जास्त होतं. झडपांच्या रुग्णांमध्येही आतड्यातून येणारे असे रक्तातले संकेत तपासले जात आहेत. कुणाचं हृदय लवकर थकणार आहे, कुणाची शस्त्रक्रिया लांबवू नये, हे त्यावरून आधी कळेल का, हा त्यामागचा प्रश्न.

इथे एक सावधगिरी हवी. व्हॉट्सॲपवर लगेच फॉरवर्ड फिरतात की आतडी साफ करा, हृदय ठणठणीत होईल. तसं काही सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरी टीएमएओ वाढतं, समुद्राचे मासे खाल्ले तरी वाढतं. त्यामुळे एकट्या त्या आकड्यावरून डॉक्टर निदान करत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, चिकटलेली झडप कोणत्याही चूर्णानं किंवा काढ्यानं उघडत नाही. तुडूम चोंदलं असेल तर ते मोकळंच करावं लागतं.

हेच काम करायला सेन शिकून आले.

फिलाडेल्फियाची वारी

१९४९ साली सेन यांना रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप मिळाली आणि ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. शहर आणि वेळ, दोन्ही नेमकं जुळून आलं होतं.

हृदयाला हात लावायचा नाही, हा सर्जन लोकांचा जुना दंडक होता. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप चाचपली. मुलगी वाचली, तरी त्यांच्याकडे तसा दुसरा रुग्ण कुणी पाठवलाच नाही. मग वीसेक वर्षं सगळं शांत.

फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनी पुन्हा प्रयत्न सुरू केले. त्यांचे पहिले चार रुग्ण दगावले. हॉस्पिटलं त्यांना दारात उभं करेनात. १० जून १९४८ ला पाचव्या रुग्णाची झडप त्यांनी उघडली आणि ती बाई जगली. सहाच दिवसांनी बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनीही हे करून दाखवलं. त्यानंतर वर्षभरानं सेन याच शहरात होते. ही शस्त्रक्रिया तेव्हा अगदी ताजी होती.

सेन यांनी ती विद्या घेतली आणि परत परळ गाठलं.

बोटानं उघडलेलं दार

१९५० च्या दशकात केईएममध्ये सेन यांनी झडपेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेव्हा हार्ट-लंग मशीन हाताशी नव्हतं. हृदय थांबवून, आत डोकावून काम करण्याची सोयच नव्हती. जे करायचं ते धडधडत्या हृदयात, डोळ्यांनी न बघता.

ही पद्धत ऐकायला जितकी भयंकर, तितकीच साधी. डाव्या बाजूनं दोन बरगड्यांमधून छाती उघडायची. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक छोटा पदर असतो. त्याभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालायचा, मध्ये छेद द्यायचा आणि पटकन आत तर्जनी सारायची. नाडी आवळली की बोटाच्या बाजूनं रक्त येत नाही. मग बोटाच्या टोकानं झडप चाचपायची, चिकटलेली कड शोधायची आणि दाब देऊन ती सुटी करायची. सगळं जमलं तर बोटाखालीच कळतं, दार उघडलं.

नाही जमलं तर? झडप भलतीकडेच फाटली तर रक्त उलटं गळायला लागतं. कप्प्यात साकळलेली गुठळी निसटली तर ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. पुढ्यात फोटो नाही, सोनोग्राफी नाही. छातीवर ठेवलेल्या स्टेथोस्कोपमधून ऐकलेली गुरगुर, एक्स-रे, ईसीजी आणि सर्जनचं बोट, एवढ्यावरच भिस्त.

पण आपल्या देशासाठी ही शस्त्रक्रिया वरदान होती. महागडं यंत्र नको, कृत्रिम झडप नको, आयुष्यभर रक्त पातळ करायच्या गोळ्या नकोत. आदल्या आठवड्यात उशा रचून बसून रात्र काढणारा माणूस काही दिवसांत चालत घरी जायचा. काही वर्षांनी झडप पुन्हा आवळण्याचा धोका असायचा, पण ती मधली वर्षं रुग्णाच्या पदरात पडायची. त्या वर्षांत कुणाचं बाळंतपण सुखरूप व्हायचं, कुणी पुन्हा कामाला लागायचं.

जगात पुढे खूप काही आलं. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी, तेही फिलाडेल्फियातच, हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९६० मध्ये स्टार-एडवर्ड्स ही कृत्रिम झडप आली. १९८० च्या दशकात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडायची जपानी डॉक्टर इनोउए यांची पद्धत आली आणि छाती उघडायची गरजच अनेकांसाठी संपली. पण फुगा जे करतो, ते काम तत्त्वानं तेच आहे. चिकटलेल्या कडा सुट्या करणं.

सापाच्या हृदयातून आलेली कल्पना

सेन नुसते हात चालवणारे सर्जन नव्हते. त्यांचा अर्धा जीव प्रयोगशाळेत असायचा. केईएममध्ये त्यांनी प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियांचा प्रयोग विभाग जोमानं चालवला.

एक उदाहरण बघा. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून येणाऱ्या रक्तवाहिन्यांमधून. त्या बुजल्या की हार्ट अटॅक. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हृदयाच्या स्नायूला थेट आतल्या कप्प्यातूनही रक्त झिरपत मिळतं. सेन यांना वाटलं, माणसाच्या हृदयात सुईनं बारीक छिद्रं पाडली तर आतलं रक्त थेट स्नायूला मिळेल का?

१९६५ साली सेन, तेहेमटन उदवाडिया, किनरे आणि परुळकर या चौघांनी या प्रयोगाचा निबंध अमेरिकन नियतकालिकात छापला. नाव दिलं होतं हृदयाचं ॲक्युपंक्चर. यातले उदवाडिया पुढे भारतातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचे जनक म्हणून ओळखले गेले आणि परुळकर केईएमचे डीन झाले. छिद्रांची ही पद्धत जशीच्या तशी टिकली नाही. पण पुढे परदेशात सुईच्या जागी लेझर वापरून हाच विचार पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा परळच्या या निबंधाची आठवण निघाली.

१९६३ साली सेन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आणखी एक आजार मांडला. शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी छातीच्या खालच्या आणि पोटाच्या वरच्या भागात आवळते आणि तरुणांचा रक्तदाब प्रचंड वाढतो. मिडल एओर्टिक सिंड्रोम हे त्याचं नाव आजही वैद्यकशास्त्रात आहे.

फेब्रुवारी १९६८

हृदयरोपणाची तयारीही अशीच प्रयोगशाळेत चालली होती. कुत्र्यांवर हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रिया करून सेन यांच्या टीमचा हात बसला होता. त्यामुळे बर्नार्ड यांची बातमी आली तेव्हा केईएमची टीम शून्यातून सुरुवात करत नव्हती.

अडचण वेगळीच होती. हृदय द्यायचं कुणाचं? आणि ते कधी काढायचं? तेव्हा मृत्यू म्हणजे हृदय थांबणं, एवढीच समजूत होती. मेंदू कायमचा बंद पडला म्हणजे माणूस गेला, याची वैद्यकीय व्याख्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनं मांडली ती ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे केईएममधल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. भारतात तर त्याबद्दल कायदाच नव्हता. नातेवाइकांना विचारायचं काय आणि सांगायचं काय, इथपासून सगळं नवीन.

अशा परिस्थितीत हृदयाचा स्नायूच निकामी झालेल्या एका तरुणाला दुसऱ्याचं हृदय बसवण्यात आलं. ते चाललंही. तीन तासांनी मात्र सगळं संपलं. सेन यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

हे अपयश एकट्या मुंबईचं नव्हतं. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण अठरा दिवसांत गेला. न्यूयॉर्कमधल्या ॲड्रियन कँट्रोविट्झ यांचे दोन्ही रुग्ण काही तासांतच गेले. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयं बदलली गेली आणि त्यातले बहुतेक रुग्ण दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. परक्या हृदयाला शरीर शत्रू समजतं, हा मुख्य तिढा होता. तो सुटायला सायक्लोस्पोरिन हे औषध यावं लागलं. ते वापरात आलं १९८० च्या दशकात. तोवर बहुतेक सर्जननी हा नाद सोडून दिला होता.

पुढे काय झालं?

१९६९ साली भारत सरकारनं सेन यांना पद्मभूषण दिलं. २२ जुलै १९८२ ला त्यांचं निधन झालं. भारतातलं यशस्वी हृदयरोपण पाहायला ते राहिले नाहीत.

अवयवदानाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. केईएममध्ये हृदयरोपण पुन्हा व्हायला मात्र जुलै २०२४ उजाडावं लागलं. मधे तब्बल ५६ वर्षं गेली.

सेन यांचा हिशोब मांडायचा तर एका बाजूला तीन आणि चौदा तास आहेत. दुसऱ्या बाजूला आहेत झडप उघडल्यामुळे घरी गेलेले रुग्ण, ज्यांची बातमी कधी झाली नाही, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले सर्जन. महापालिकेच्या हॉस्पिटलातही जगाच्या बरोबरीनं काम होऊ शकतं, हे या माणसानं दाखवून दिलं.

आज आपण काय करायचं?

सेन ज्या झडपांशी आयुष्यभर झुंजले, त्या बिघडूच नयेत यासाठी सर्जन लागत नाही. मुलाचा घसा दुखतोय, ताप आहे, गिळताना त्रास होतोय, गळ्यात गाठी आल्यात, पण सर्दी-खोकला नाही, तर घरच्या घरी गुळण्यांवर भागवू नका. डॉक्टरांना घसा दाखवा. जिवाणूचा संसर्ग असेल तर पेनिसिलिनसारखं जुनं, स्वस्त औषध पुरतं. मात्र दिलेला कोर्स पूर्ण करा. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका.

मुलाला एकदा ऱ्हुमॅटिक ताप आला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन कित्येक वर्षं घ्यावं लागतं. गोष्ट कंटाळवाणी आहे, पण झडप वाचते ती यामुळेच. रोवणीच्या घाईत, मजुरी बुडेल म्हणून एखादी तारीख चुकते, मग पुढची चुकते आणि आजार तिथेच संधी साधतो. गरोदर बाईला नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, तर दिवस भरत आलेत म्हणून तसं होतं असं न समजता हृदय तपासून घ्या.

आणि झडपेचा आजार आधीच असेल तर पोटाकडेही लक्ष ठेवा. भूक मेली, पोट जड झालं, दोन-तीन दिवसांत वजन अचानक वाढलं, पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडू लागला, तर ते ॲसिडिटीचं दुखणं समजून अंगावर काढू नका. वरच्या अंगाला पाणी तुंबायला लागल्याची ती खूण असते.

नवेगाव बांधच्या पोराचा दुखरा घसा वेळेत तपासला गेला, तर त्याला झडपेसाठी नागपूर किंवा मुंबई गाठायची वेळच येणार नाही. सेन यांच्या काळात हे औषध होतं, पण गावापर्यंत पोचत नव्हतं. आज पोचतं. फक्त तारीख चुकवू नका.